बीजेच्या आदल्या संध्याकाळी ‘संत तुकाराम’ दाखवायचा तर

तुकाराम बीजेच्या दिवशी, म्हणजे तुकोबांच्या वैकुंठगमनाच्या तिथीला, दुपारी बारापर्यंत वैकुंठगमनाचं कीर्तन चालतं, नंतर पंगत. त्या दिवशी ‘संत तुकाराम’ चित्रपट लावला की निम्मी मंडळी पेंगतात. म्हणून आदली संध्याकाळ निवडा. सातच्या आधी सुरू करू नका. मार्चच्या उजेडात १९३६ चा हा कृष्णधवल चित्रपट पडद्यावर फिकट दिसतो. सव्वादोन तास चित्रपटाला आणि वीसेक मिनिटं बोलण्याला धरा.

चित्र जवळजवळ चौकोनी आहे, त्यामुळे प्रोजेक्टर ४:३ वर ठेवा. रुंद पडदा भरावा म्हणून ताणलंत तर तुकोबांचं काम करणारे विष्णुपंत पागनीस पैलवान दिसतात. दोन्ही बाजूंना काळी पट्टी राहिली तरी चालेल. आवाजासाठी मंडळाचाच स्पीकर घ्याल, तर त्याचा एको आधी बंद करा. खरखर जावी म्हणून ट्रेबल (आवाजाची तीव्र बाजू) पार उतरवला, तर अभंगाचे शब्दच गिळले जातात. थोडी खरखर राहू द्या, पाच मिनिटांत कान सरावतात.

मध्येच थांबवून निरूपण करण्याचा मोह टाळा. दिग्दर्शक दामले-फत्तेलाल यांनी जे दाखवून सांगितलंय ते तोंडी सांगितलं की त्याचा जीव जातो. पूर्ण बघू द्या, मग दोनच प्रसंग पुन्हा लावा. त्यांच्या वेळा आधी कागदावर टिपून ठेवा, नाहीतर पुढे-मागे करण्यातच लोक उठून जातात.

पहिला प्रसंग अगदी सुरुवातीचा. तुकोबा अभंग गातात आणि तोच अभंग त्यांचा मत्सर करणारा सालोमालो आपला म्हणून ठसक्यात गातो. ‘खरा भक्त कोण?’ असं विचारू नका, उत्तर सगळ्यांना पाठ असतं. ‘शब्द तेच, मग बदललं काय?’ असं विचारा. मंडळात पखवाज-टाळ वाजवणारे असतील तर त्यांना आधी बोलू द्या. ठेका, ताना, हातवारे त्यांच्या पटकन लक्षात येतात. मग गाथेतला ‘सालोमालो हरिचे दास’ हा अभंग वाचा. आपल्या ओळींवर दुसऱ्याने नाव घातल्याची तुकोबांची चीड तिथे स्पष्ट दिसते.

दुसरा प्रसंग तुकोबांच्या बायकोचा, जिजाईचा. पोर आजारी, घरात दाणा नाही, आणि ती वहाण घेऊन देवळात विठ्ठलाला जाब विचारायला जाते. गौरीबाईंनी हे काम इतकं खरं केलंय की बायका हमखास हसतात, मग गप्प होतात. त्या शांततेत लगेच बोलू नका. कुणी ‘बिचारी अडाणी’ म्हणालं तर खोडून न काढता एवढंच विचारा: देव तिथे नाहीच असं वाटलं असतं, तर ती वहाण कुणाला दाखवायला गेली असती?

हमखास होणारी चूक गाण्याची. ‘आधी बीज एकले’ हा तुकोबांचा अभंग समजून लोक गाथेत शोधत बसतात. तो शांताराम आठवले यांनी या चित्रपटासाठी लिहिला. हे सुरुवातीलाच सांगून टाका, नंतर सांगितलं तर फसवल्यासारखं वाटतं. वेळ उरलाच तर शेजारी तुकोबांचा ‘वृक्षवल्ली आम्हां सोयरीं’ म्हणा आणि दोन्हींतली भाषा ऐकायला सांगा. आठवल्यांची ओळ कुठे तुकोबांची वाटते आणि कुठे नाही, हे जुने वारकरी अचूक पकडतात.

शेवटी तुकोबांना वैकुंठाला नेणाऱ्या गरुडाला तरुण पोरं हसणार, हसू द्या. दटावलंत तर चर्चा चमत्कार खरा की खोटा यावर जाते आणि तिथून परत येत नाही. त्यांना जिजाईकडे वळवा. नवरा वैकुंठाला बोलावतो आणि ती संसार सोडून निघत नाही. ती चुकली का, हा प्रश्न टाका आणि प्रसाद थोडा उशिरा वाटायची तयारी ठेवा.