पायथनमध्ये डिक्शनरी उलट्या क्रमाने फिरवताय? या चुका टाळा

मध्य रेल्वेची चार स्थानकं एका डिक्शनरीत याच क्रमाने भरा: दादर, ठाणे, कल्याण, कर्जत. की म्हणजे देवनागरीतलं नाव आणि व्हॅल्यू म्हणजे स्थानकाचा कोड. आता परतीसाठी यादी कर्जतपासून दादरपर्यंत हवी आहे. बरेच जण इथे सवयीने सॉर्टेड() वापरतात आणि सोबत रिव्हर्स=ट्रू देतात. उत्तर येतं दादर, ठाणे, कल्याण, कर्जत. जायचाच क्रम परत मिळाला!

सॉर्टेड() तुम्ही स्थानकं कोणत्या क्रमाने भरली हे बघतच नाही, ते नावं युनिकोडनुसार, म्हणजे प्रत्येक अक्षराला दिलेल्या क्रमांकानुसार लावतं. त्यात क आधी, मग ठ, मग द. तो क्रम उलटला की दादर पहिलं येणारच. एरर येत नाही, म्हणून ही चूक फार उशिरा सापडते. तेव्हा कोड लिहिण्याआधी ठरवा, उलटायचं काय आहे: भरण्याचा क्रम की लावलेला क्रम? भरण्याचा क्रम उलटायचा असेल तर डिक्शनरीचं आयटम्स(), म्हणजे की-व्हॅल्यूच्या जोड्या, थेट रिव्हर्स्ड() ला द्या आणि लूपमध्ये की आणि व्हॅल्यू दोन्ही घ्या. एवढंच पुरतं.

व्हॅल्यूनुसार लावतानाही हा फरक जाणवतो. समजा, डिक्शनरीत विद्यार्थी आणि त्यांचे गुण आहेत. समान गुण मिळालेले दोन विद्यार्थी सॉर्टेड() ला रिव्हर्स=ट्रू दिल्यावरही मूळ क्रमानेच राहतात. आधी चढता क्रम लावून मग यादी उलटली, तर मात्र त्या दोघांची जागा बदलते. निकालाच्या यादीत हे महत्त्वाचं ठरतं.

आयटम्स() ला यादीसारखं [::-1] (यादी उलटी करणारा स्लाइस) लावू नका, टाइपएरर येतो. स्लाइस हवाच असेल तर आधी लिस्ट() करून घ्या.

‘डिक्ट रिव्हर्सिबल नाही’ असा एरर आला तर आधी पायथनची आवृत्ती बघा. भरण्याचा क्रम टिकेल अशी हमी भाषेने 3.7 मध्ये, म्हणजे 2018 साली दिली. रिव्हर्स्ड() मात्र डिक्शनरीवर 3.8 पासून चालतं. 3.7 वर अडकला असाल तर रिव्हर्स्ड(लिस्ट(...)) असं लिहा. त्याहून जुन्या आवृत्तीत ऑर्डर्डडिक्ट, म्हणजे भरण्याचा क्रम लक्षात ठेवणारी खास डिक्शनरी, वापरणंच सुरक्षित.

आता सगळ्यात फसवी चूक. ‘नुकतंच पाहिलेलं आधी’ अशी यादी डिक्शनरीत ठेवून ती उलटी दाखवणं हा चांगला मार्ग आहे. पण वापरकर्त्याने जुनीच वस्तू पुन्हा पाहिली आणि तुम्ही त्याच कीला नवी वेळ दिली, तर व्हॅल्यू बदलते, जागा बदलत नाही. ती की पहिल्यांदा जिथे आली तिथेच राहते आणि यादीत खालीच दिसते. वेळ बरोबर असते, म्हणून डेटा तपासूनही दोष कळत नाही. उपाय असा: आधी पॉप() करून ती की काढा आणि मग नव्याने घाला, म्हणजे ती शेवटी जाते. ऑर्डर्डडिक्ट असेल तर मूव्ह_टू_एंड() हेच काम एका ओळीत करतं, आणि अशा यादीसाठी मला तेच जास्त पसंत आहे, कारण वाचणाऱ्याला हेतू लगेच कळतो.

रिव्हर्स्ड() यादी देत नाही, एकदाच वापरता येणारा इटरेटर देतं. तो व्हेरिएबलमध्ये ठेवून दोनदा लूप चालवलात तर दुसरा लूप गुपचूप रिकामा जातो. दर वेळी नव्याने रिव्हर्स्ड() बोलवा.

शेवटून फिरताना नोंदी काढल्या तर चालतं, हा समज यादीवरून आलेला आहे. तिथे इंडेक्सने मागून काढत आलं तर पुढचे इंडेक्स सरकत नाहीत. डिक्शनरीत दिशा कुठलीही असो, लूप चालू असताना की काढली की पुढच्याच फेरीत रनटाइमएरर येतो. आधी लिस्ट(आयटम्स()) अशी प्रत काढा, तिच्यावर रिव्हर्स्ड() चालवा आणि मूळ डिक्शनरीतून निर्धास्त काढा. शेवटच्या नोंदीपासून एकेक काढत सगळंच रिकामं करायचं असेल तर लूपमध्ये पॉपआयटम() पुरे, 3.7 पासून ते सर्वांत शेवटी घातलेली जोडीच काढून देतं.