सेंड ऑफचं भाषण आणि पडलेले जोक: या चुका टाळा

मार्च-एप्रिल आला की मला फोन यायला लागतात. कुणाचा पुतण्या, कुणाची मेहुणी, सगळ्यांचं म्हणणं एकच, सेंड ऑफला बोलायचंय, जरा हशा होईल असं काहीतरी लिहून द्या. लिहून मी देत नाही. दुसऱ्यानं लिहिलेलं भाषण पहिल्या मिनिटात ओळखू येतंय. पण बसून ऐकतो मात्र सगळ्यांचं, कारण कोल्हापुरात बरीच वर्षं कॉलेजच्या कार्यक्रमांचं सूत्रसंचालन करतोय आणि विंगेत उभं राहून चांगल्या चांगल्या हुशार पोरांची भाषणं पडताना बघितलीत, लई वाईट वाटतं बघा तेव्हा.

आधी एक सांगतो, आपण कुठल्या भाषणाबद्दल बोलतोय. विद्यापीठाचा दीक्षांत समारंभ वेगळा, तिथं पदव्या आणि पाहुण्यांचं भाषण असतं. विद्यार्थ्यांनी विनोदी बोलायची जागा म्हणजे डिपार्टमेंटचा निरोप समारंभ, नाहीतर हल्ली कॉलेजातच गाऊन-टोपी घालून पदवी वाटप करतात तो कार्यक्रम. या दुसऱ्या कार्यक्रमाला आई-वडील पण येतात आणि तिथंच जास्त घोळ होतो, कारण पोरं दोस्तांना डोळ्यासमोर ठेवून लिहितात आणि बोलायला उभी राहतात कुणाच्या तरी आजीसमोर.

व्हॉट्सअपचे जोक

ही सगळ्यात मोठी चूक, म्हणून हिच्यावर जरा जास्त बोलतो. मागच्या वर्षी माझी भाची चार पानं घेऊन आली. "मामा, बघ की जरा, रात्रभर बसून लिहिलोय मी." (बाहेरगावचे वाचक असतील तर सांगतो, आमच्याकडं पोरी पण लिहिलोय, आलोय असंच बोलतात आणि ते ऐकायला फार गोड वाटतं.) चार पानांत सगळं काय होतं तर इंजिनिअर आणि डॉक्टरचा जोक, परीक्षेच्या आदल्या रात्रीचा जोक, पहिल्या बेंचवरचे आणि शेवटच्या बेंचवरचे. यातलं सगळं समोरच्या प्रत्येकाच्या मोबाईलमधे आधीच येऊन गेलंय, आणि हे जोक कुठल्याही गावातल्या कुठल्याही कॉलेजात चालतात म्हणूनच ते तुमच्या कॉलेजात चालत नाहीत.

मी म्हटलं पानं ठेव बाजूला. तीन वर्षं रोज काय बघितलंस ते सांग. ती म्हणाली रोज काय बघणार, वर्ग, फळा, दार. मी म्हटलं दार कसलं आहे? तर म्हणाली, "दाराची कडी तुटलीय मामा, वाऱ्यानं आपटतंय म्हणून वीट लावून ठेवतो. मग कोण लेट आलं की वीट सरकवल्याशिवाय आत येता येत नाही, खर्रर्र आवाज होतोय, सर फळ्याकडं तोंड करूनच नाव घेतात कोण आलंय त्याचं." मी विचारलं बरोबर असतंय काय नाव? म्हणाली, "दरवेळेला!"

झालं की भाषण. त्या विटेवर तिनं अख्खं भाषण उभं केलं. कोण वीट कशी सरकवतं, एक जण पायानं ढकलतो, एक पोरगी दोन हातांनी उचलून परत जागेवर ठेवते, एक पोरगा वीट ओलांडून उडी मारतो आणि त्यातच पडतो. यात जोक म्हणून काहीच नाही, पण हॉलमधल्या प्रत्येकानं तो खर्रर्र आवाज तीन वर्षं ऐकलेला, त्यामुळं तिनं नुसतं "आमच्या वर्गाच्या दाराला एक वीट आहे" म्हटल्याबरोबर मागची पोरं ओरडायलाच लागली.

तर लिहायच्या आधी असं करा, वहीत अशा वीस गोष्टी काढा ज्या तुमच्या बॅचमधल्या सगळ्यांनी बघितल्यात. झेरॉक्सच्या दुकानातली गर्दी, लॅबमधला तो एकच चालणारा पंखा, केएमटी बसचा पास, कँटीनमधे पोहे संपल्यावर कांदा कोण खातंय. मग वर्गातल्या तीन वेगवेगळ्या ग्रुपमधल्या पोरांना एकेक गोष्ट नुसती सांगून बघा. तिघंही हसून "आणि ते आठवतंय काय..." म्हणून पुढचं सांगायला लागले की ती गोष्ट घ्या. एकट्या तुमच्या कट्ट्यावरचे हसले तर ती कट्ट्यावरच राहू द्या.

यातच एक पोट-चूक आहे, आपल्या पेठेतले विनोद. शिवाजी पेठ आणि मंगळवार पेठेतल्या फुटबॉलवरून चिडवणं आपल्याला जन्मापासून कळतंय. पण शिवाजी विद्यापीठाच्या हद्दीत कोल्हापूर, सांगली, सातारा असे तीन जिल्हे येतात, वर्गात जतचं पोरगं असतंय, कराडचं असतंय, त्यांना कुणाचा गोल आणि कुणाची पेठ काही कळत नाही. गंगावेशीतल्या दूधकट्ट्याचा (तिथं म्हशीची धार समोर काढून दूध देतात) किस्सा सांगायचा असेल तर त्यात हॉस्टेलच्या पोराला पण घ्या, म्हणजे म्हशीचं धारोष्ण दूध पहिल्यांदा पिताना त्याला मिशी कशी आली ते सांगा, मग तोही हसतो आणि पेठेतला पण हसतो.

माणूस दुखावणारा जोक

हे मी स्वतः बघितलंय म्हणून सांगतो, कॉलेजचं नाव घेत नाही. बोलणारा पोरगा चांगला होता, आवाज चांगला, हॉल त्याच्या मुठीत आलेला. त्यानं जवळच्या मित्राचं नाव घेऊन सांगितलं की या भावानं एक विषय चार वेळा दिला, पेपर सेट करणाऱ्यापेक्षा याला जास्त पाठ आहे. हॉल फुटला. दुसऱ्या रांगेत त्या मित्राचे वडील बसलेले, गावाकडनं आलेले, पांढरी टोपी, मांडीवर पेढ्यांचा बॉक्स. त्यांना चार वेळाचं माहीतच नव्हतं. ते हसले नाहीत, रागावले पण नाहीत, नुसतं त्या बॉक्सचा दोरा सोडायला लागले होते ते परत बांधायला लागले. बोलणाऱ्याला स्टेजवरनं हे दिसलं नाही, मला विंगेतनं दिसलं आणि मी अजून विसरलो नाही.

त्यामुळं माझं एकदम पक्कं मत आहे, ज्याच्यावर जोक आहे त्याला तो आदल्या दिवशी वाचून दाखवा. सरप्राईज जातंय असं पोरं म्हणतात, जाऊ दे की, हॉलला सरप्राईज राहतंयच. वाचून दाखवताना त्याच्या तोंडाकडं बघा. "चालतंय रे" असं म्हणाला पण डोळे खाली गेले तर चालत नाही असं समजा. मार्क, एटीकेटी, फी, घरची परिस्थिती, जात, रंग, वजन, कुणाचं कुणाशी जुळलं आणि तुटलं, यातलं काहीही नको. सरांवर बोलायचं तर त्यांच्या सवयीवर बोला, "येतंय का लक्षात?" हे वाक्य तासाला किती वेळा येतं ते मोजून सांगा. टोपणनाव मात्र स्टेजवर नको, मागनं आपण म्हणतो ते सरांना माहीत असतंय पण तोंडावर ऐकायला त्यांना काय वाटेल.

पुराचं पण सांभाळा. २०१९ आणि २०२१ चा पूर आपल्या सगळ्यांना आठवतोय, त्यावर लेक्चर बुडाल्याचा जोक सहज सुचतो. पण हॉलमधे चिखली-आंबेवाडीचं नाहीतर शिरोळ तालुक्यातलं कोणतरी नक्की असणार, त्यांची जनावरं, धान्य, वह्या-पुस्तकं गेलीत.

वाक्याची चूक

याकडं कुणाचंच लक्ष जात नाही. आपल्या मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळं हसवणारा शब्द मधे अडकतो आणि शेवटी नुसतं "असं झालं होतं" उरतं. हशा सुरू व्हायच्या वेळी तुम्ही अजून बोलताय, मग लोक हसू गिळतात. हे बघा, "सरांनी तीन वर्षांत परीक्षेला येणार नाही असं सांगितलेले चारही प्रश्न परीक्षेला आले होते असं आमच्या लक्षात आलं." माहिती मिळाली, हशा गेला. आता असं करा, "सर तीन वर्षांत चारच वेळा म्हणाले, हे परीक्षेला येणार नाही. चारही वेळा आलं." वाक्य तोडलं, शेवट आखूड केला, आणि "आलं" म्हटल्यावर पुढं काही बोलायचंच उरलं नाही. कागदावर प्रत्येक जोकचा शेवटचा शब्द पेनानं गोल करा. तो शब्द "होतं", "असतं", "म्हणून" असला की वाक्य फिरवा.

दुसरं, लिहिताना आपण पुस्तकी होतो. "त्याप्रसंगी आमची अवस्था अत्यंत बिकट झाली" असं रंकाळ्यावर बसून कोण बोलतंय काय? पण उलटं पण बघितलंय, मुद्दाम प्रत्येक वाक्यात लगा, भावा, नाद खुळा घालायचं आणि दोन शिव्या. घरी जसं आईशी बोलता तसं बोला, तेवढं कोल्हापुरी भरपूर झालं.

सुरुवात आणि लांबी

"आदरणीय व्यासपीठ, व्यासपीठावरील सन्माननीय..." यात दीड मिनिट जातं आणि सूत्रसंचालकानं ती नावं आधीच घेतलेली असतात. एका वाक्यात नमस्कार करा आणि सुरू करा. पण पहिल्याच वाक्याला सगळ्यात मोठा जोक टाकू नका. खासबागेच्या कुस्ती मैदानात पैलवान आल्या आल्या डाव टाकत नाही, आधी खडाखडी करतो, समोरच्याचा जोर बघतो. तसा पहिला विनोद छोटा आणि शंभर टक्के खात्रीचा ठेवा, हॉल हसायला तयार आहे का कळतंय.

वेळ पाच मिनिटं. एक फुलस्केप पान नीट थांबत थांबत बोलायला दोन-अडीच मिनिटं लागतात, म्हणजे दोन पानं खूप झाली, हशाला वेळ लागतोच. घरी आरशासमोर मनात वाचून वेळ मोजू नका, गच्चीवर उभं राहून मोठ्यानं बोला आणि मोबाईलवर रेकॉर्ड करा.

स्टेजवर काय बिघडतं

हशा आला की तो खाली उतरेपर्यंत थांबा, पूर्ण संपायच्या जरा आधी पुढचं सुरू करा. हशातच बोललात तर पुढचं वाक्य वाया जातं आणि लोक पुढच्या वेळी हसायला घाबरतात कारण त्यांना ऐकायचं असतं. जोक पडला तर "समजला नाही वाटतं" म्हणून समजावून सांगू नका, चेहरा तसाच ठेवून पुढच्या वाक्यावर जा, दहा सेकंदांत लोक विसरतात. आणि आपणच आधी हसायचं नाही, भाचीला हे सांगून सांगून मी थकलो, शेवटी तिला म्हटलं हसू आलं की मागच्या भिंतीवरच्या घड्याळाकडं बघ, ते जमलं.

माईक शिट्टी मारतो तेव्हा पोरं हातानं त्याचं तोंड झाकतात, त्यानं शिट्टी अजून वाढते. स्पीकरचा आवाज परत माईकमधे शिरतोय म्हणून ती होते, तेव्हा स्पीकरच्या समोरनं बाजूला व्हा, माईक तोंडापासून चार बोटांवर धरा आणि दांड्याला धरा. कार्यक्रमाच्या अर्धा तास आधी साऊंडवाल्याशी दोन शब्द बोलून ठेवा, तो माणूस तुमचं भाषण तारू शकतो. लाईट गेली तर थांबू नका, पुढं येऊन शेवटच्या रांगेला बोला. आपलं केशवराव भोसले नाट्यगृह १९१५ चं, तेव्हा कुठला माईक, नट शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायचे. ऑगस्ट २०२४ मधे ते जळालं त्या रात्री घरातलं कुणी गेल्यासारखं वाटलं आम्हाला.

मोबाईलवरनं वाचू नका, स्क्रीन बंद होते, मधेच फोन येतो. पोस्टकार्डाएवढे चार-पाच कार्ड करा, मोठ्या अक्षरात, कोपऱ्यात नंबर टाकून, म्हणजे हातातनं पडले तरी लावता येतात. आणि त्या दिवशी सकाळी मिसळ नको, तिचा तिखट रस्सा, म्हणजे कट, घशाला आणि पोटाला दोन्हीला लागतो, कार्यक्रम झाल्यावर सगळे मिळून जावा की.

शेवट

इतका वेळ छान हसवून शेवटी पोरं एकदम आवाज बदलतात, चारोळी म्हणतात, "आयुष्याच्या या वळणावर" सुरू होतं. हॉलला तो सांधा लगेच कळतो. रडवायचंच असेल तर ज्यानं हसवलं त्यानंच रडवा, म्हणजे तीच गोष्ट परत आणा.

भाचीनं शेवटी एवढंच म्हटलं, "आता आम्ही जातोय. वीट जागेवर ठेवून जातो, जूनमधे कोणतरी लेट येणारच आहे." हॉलमधे कोण हसलं नाही. पुढच्या रांगेत बसलेले ते सर, फळ्याकडं तोंड करून नाव घेणारे, त्यांनी तिचं नाव घेतलं, मोठ्यानं, हजेरी घेतल्यासारखं. आणि ती स्टेजवरनं म्हणाली, "हजर, सर."