आदिम कृष्णविवराचा दावा कसा तपासायचा: एक वस्तुमान, चार गुणाकार

कृष्णपदार्थापासून (न दिसणारा, फक्त गुरुत्वावरून जाणवणारा पदार्थ) सैबेरियातल्या तुंगुस्काच्या स्फोटापर्यंत अनेक कोड्यांची उत्तरं सूक्ष्म कृष्णविवरांत शोधली गेली आहेत. त्यांतलं कुठलं टिकण्यासारखं आहे हे ठरवायला वैज्ञानिक कॅल्क्युलेटर, कागद आणि अर्धा तास पुरतो. फिरत नसलेल्या आणि विद्युतभार नसलेल्या कृष्णविवराचं सगळं काही एकाच आकड्यावर ठरतं, तो म्हणजे वस्तुमान. म्हणून दावा वाचला की पहिला प्रश्न हा: वस्तुमान किती धरलंय? तो आकडाच दिलेला नसेल, तर तपासण्यासारखं काही उरत नाही.

‘आदिम’ म्हणतात ती ही सूक्ष्म विवरं ताऱ्यांपासून झालेली नाहीत. महास्फोटानंतरच्या पहिल्या सेकंदात, किंवा त्याच्याही अतिसूक्ष्म अंशात, जिथे घनता आसपासपेक्षा बरीच जास्त होती तो भाग स्वतःच्याच गुरुत्वानं कोसळला, अशी ही कल्पना. झेलदोविच आणि नोविकोव्ह यांनी १९६०च्या दशकात आणि स्टीफन हॉकिंग यांनी १९७१ मध्ये ती मांडली. असं एकही विवर अजून सापडलेलं नाही, हे गणित करताना विसरू नये.

कृष्णविवर प्रारण टाकत हळूहळू आटत जातं, असं हॉकिंग यांचं गणित सांगतं; खालचे शेवटचे तीन गुणक त्यावरच बेतलेले आहेत. हे चार गुणक वहीत लिहून घ्या. वस्तुमान सगळीकडे किलोग्रॅममध्ये. १०^१२ म्हणजे एकावर बारा शून्यं; १०^-२७ म्हणजे १ ÷ १०^२७.

- त्रिज्या (मीटर) = १.४८५ × १०^-२७ × वस्तुमान
- तापमान (केल्विन) = १.२३ × १०^२३ ÷ वस्तुमान
- उत्सर्जित शक्ती (वॅट) = ३.५६ × १०^३२ ÷ वस्तुमानाचा वर्ग
- आयुष्य (सेकंद) = ८.४ × १०^-१७ × वस्तुमानाचा घन

आधी पृथ्वी घालून पाहा. ५.९७ × १०^२४ किलोला त्रिज्या सुमारे ९ मिलिमीटर यायला हवी. ती आली नाही, तर घातांकाची बेरीज चुकली आहे.

आता १०^१२ किलो, म्हणजे १०० कोटी टन घ्या. एखाद्या डोंगराएवढं वस्तुमान, पण त्रिज्या १.५ × १०^-१५ मीटर, म्हणजे साधारण प्रोटॉनच्या आकाराची. तापमान १२,३०० कोटी केल्विन, म्हणून त्यातून गॅमा किरण निघणार. शक्ती ३५ कोटी वॅटच्या वर. आयुष्य ८.४ × १०^१९ सेकंद. वर्षं काढायला ३.१५ × १०^७ नं भागा: सुमारे २.७ लाख कोटी वर्षं. असं विवर एक मीटरवर असेल तर त्याचं गुरुत्व पृथ्वीच्या सातपट लागेल, पण दहा मीटरवर तेच शंभरपटीनं घटून पृथ्वीच्या एक पंधरांशाच्या आसपास येईल. कृष्णविवर दुरून सगळं ओढून घेतं हा समज इथे गळून पडतो.

हिशेब बहुतेक वेळा तीन ठिकाणी चुकतो. पहिली चूक एककाची. या विषयाच्या शोधनिबंधांत वस्तुमान बऱ्याचदा ग्रॅममध्ये असतं. १०^१५ ग्रॅम तसंच किलो समजून घातलं तर आयुष्य १०० कोटी पटींनी वाढतं, कारण तिथे घन आहे. दुसरी, चौथ्या गुणकावर गरजेपेक्षा जास्त विश्वास. विश्वाचं वय १३८० कोटी वर्षं धरून उलट गणित केलं, तर आज नष्ट होत असलेल्या विवराचं जन्मावेळचं वस्तुमान १.७ × १०^११ किलो येतं. सविस्तर गणितात ते ५ × १०^११ च्या आसपास निघतं. तापमान वाढलं की प्रकाशाबरोबर न्यूट्रिनो (पदार्थातून जवळजवळ आरपार जाणारे कण), इलेक्ट्रॉन, क्वार्क असे इतर कणही बाहेर पडू लागतात आणि विवर लवकर आटतं. आपला गुणक हे धरत नाही. म्हणून लहान विवरांचं आलेलं आयुष्य ही वरची मर्यादा समजा. तिसरी चूक मोठ्या विवरांची. विश्वभर पसरलेलं सूक्ष्मलहरी प्रारण २.७ केल्विनचं आहे. ४.५ × १०^२२ किलोच्या वर, म्हणजे चंद्राच्या सुमारे साठ टक्क्यांच्या वर, विवर त्याहून थंड असतं. ते टाकतं त्यापेक्षा जास्त घेतं, आणि आयुष्याचं सूत्र तिथे आज लागूच पडत नाही.

कृष्णपदार्थ

सर्वांत गांभीर्यानं तपासण्यासारखा दावा हाच आहे. आधी वस्तुमानाचा पट्टा ठरवा. फार लहान विवरं चालत नाहीत, कारण त्यांचे गॅमा किरण आणि पॉझिट्रॉन (धन भाराचे इलेक्ट्रॉन) आपल्याला दिसले असते. साधारण १०^१४ किलोच्या खाली सगळा कृष्णपदार्थ त्यांचा असू शकत नाही. फार मोठीही चालत नाहीत. ती मागच्या ताऱ्याच्या समोरून गेली, तर त्यांचं गुरुत्व भिंगासारखं वागतं आणि ताऱ्याचा प्रकाश थोडा वेळ वाढतो. यालाच मायक्रोलेन्सिंग म्हणतात. मॅजेलनी मेघांतल्या (आपल्या शेजारच्या दोन छोट्या दीर्घिका) ताऱ्यांवर वर्षानुवर्षं पाळत ठेवूनही अशा घटना पुरेशा सापडल्या नाहीत. सुबारू दुर्बिणीनं २०१४ मध्ये एका रात्री देवयानी दीर्घिकेवर सात तास नजर ठेवली. हाती एकच संशयित घटना लागली.

मग १०^१४ ते १०^२० किलो हा लघुग्रहांच्या वस्तुमानाचा पट्टा मोकळा का राहिला? याचं एक कारण पहिल्याच गुणकात आहे. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी ६ × १०^-७ मीटर घ्या आणि तेवढ्या त्रिज्येच्या विवराचं वस्तुमान काढा: ४ × १०^२० किलो. त्याहून लहान विवर प्रकाशाच्या लाटेपेक्षाही छोटं असतं. लाट त्याला वळसा घालून जाते आणि भिंगाचा परिणाम पुसट होतो. दुसरं म्हणजे मागच्या ताऱ्याची तबकडीच भिंगापेक्षा मोठी ठरते. तेव्हा इथे विवरं नाहीत असं सिद्ध झालेलं नाही, त्यांना पाहण्याची रीत तोकडी पडली आहे. या दोन गोष्टींची गल्लत अनेक लेखांत होते, म्हणून हा भाग दोनदा वाचावा.

ती किती दाट असतील? आपल्या भागात कृष्णपदार्थाची घनता सुमारे ५ × १०^-२२ किलो प्रति घनमीटर मानतात. एका विवराचं वस्तुमान या आकड्यानं भागा आणि घनमूळ काढा. १०^१७ किलोच्या अणूएवढ्या विवरांसाठी उत्तर ५.८ × १०^१२ मीटर येतं, म्हणजे सूर्य-पृथ्वी अंतराच्या जवळजवळ ३९ पट. नेपच्यून ३० पटींवर आहे. दोन विवरांमधलं सरासरी अंतर एवढं असेल, तर एखादं सूर्यमालेत कधीही असू शकतं. शक्तीचा गुणक लावला तर त्याचं उत्सर्जन ०.०४ वॅटही भरत नाही, म्हणून दुर्बिणीतून ते दिसणार नाही.

दिसत नसेल, तर त्याचा धक्का मोजता येईल का? २०२४ मध्ये मंगळाच्या कक्षेतल्या बारीक हालचालीवरून अशी विवरं शोधण्याची पद्धत सुचवली गेली. ढोबळ हिशेब असा: वेगातला बदल = २ × ६.६७ × १०^-११ × वस्तुमान ÷ (जवळून जाण्याचं अंतर × विवराचा वेग). १०^१८ किलो, १० कोटी किलोमीटर आणि सेकंदाला २०० किलोमीटर घाला (मीटरमध्ये बदलून). ६.७ × १०^-९ मीटर प्रति सेकंद येतात. वर्षाच्या सेकंदांनी गुणलं की मंगळाची वर्षभरातली सरक २० सेंटिमीटर. धक्का कक्षेच्या दिशेनं असेल तर प्रत्यक्षात ती तिपटीपर्यंत जाते. मंगळाचं अंतर यानांच्या रेडिओ संदेशांवरून इतक्या बारकाईनं मोजता येतं. अडचण वारंवारितेची आहे. एवढ्या वस्तुमानाचं विवर एवढ्या जवळून सुमारे दहा हजार वर्षांतून एकदा जाईल. वस्तुमान शंभर पटींनी कमी धरलं तर भेट शंभर वर्षांतून एकदा, पण सरक २ मिलिमीटर. अंतर वाढवलं की भेटी वाढतात आणि धक्का मंदावतो. वेगवेगळे आकडे घालून ही ओढाताण स्वतः पाहावी.

भूमध्य समुद्रातला न्यूट्रिनो

१३ फेब्रुवारी २०२३ रोजी सिसिलीजवळ समुद्रतळाशी असलेल्या केएम३नेट शोधकात २२० पेटा-इलेक्ट्रॉन-व्होल्ट, म्हणजे २.२ × १०^१७ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेचा न्यूट्रिनो नोंदला गेला. तो मरत्या आदिम विवरातून आला असावा, असा एक तर्क आहे. तपासायला तापमान ऊर्जेत मांडा: १.०६ × १०^१९ ÷ वस्तुमान, इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये. निघणाऱ्या कणांची ऊर्जा साधारण याच्या चौपट धरली, तर विवर २०० किलोच्या आसपास उरलेलं असायला हवं. त्याचं उरलेलं आयुष्य एका नॅनोसेकंदाहूनही कमी. ऊर्जेच्या बाजूनं तर्क बसतो.

संख्येवर मात्र तो अडतो. २०० किलोची सगळी ऊर्जा १.८ × १०^१९ जूल, आणि असा एक कण ०.०३५ जूलचा, म्हणजे सगळे मिळून ५ × १०^२० कण. स्फोट एक प्रकाशवर्षावर झाला असेल तर हे कण १.१ × १०^३३ चौरस मीटरच्या गोलावर पसरतील: २२ लाख चौरस किलोमीटरला एक, म्हणजे भारताच्या दोन तृतीयांश क्षेत्रफळाला एक. त्यांतले न्यूट्रिनो थोडेच, आणि शोधकात अडकणारे त्याहून कमी. स्फोट त्यापेक्षा खूपच जवळ झाला, किंवा विवर आपण धरलं तसं साधं (न फिरणारं, भार नसलेलं) नव्हतं, यांपैकी एक मानावं लागतं.

थोडक्यात आणखी काही

तुंगुस्का, ३० जून १९०८: १९७३ मध्ये सुचवलेलं १०^१७ ते १०^१९ किलोचं विवर पृथ्वी भेदून उत्तर अटलांटिकमधून बाहेर पडायला हवं होतं. तिथे त्याच्या कुठल्याच खुणा नाहीत. नववा ग्रह: नेपच्यूनच्या पलीकडे असावा असा अंदाज असलेला हा ग्रह खरं तर विवर असेल, असा दावा आहे. पृथ्वीच्या पाचपट वस्तुमान घाला, त्रिज्या साडेचार सेंटिमीटर, तापमान ०.००४ केल्विन. गणितात चूक नाही, पण दूरच्या बर्फाळ गोळ्यांवर पडणारी त्याची ओढ साध्या ग्रहासारखीच असेल, म्हणून केवळ कक्षांवरून निवाडा होत नाही.

गुरुत्वीय लहरींची (दोन जड वस्तू एकमेकींभोवती फिरत धडकताना अवकाशात उठणारे तरंग) बातमी आली की त्यात धडकणाऱ्या दोन्ही घटकांचं वस्तुमान शोधा. सूर्यापेक्षा स्पष्टपणे कमी वस्तुमानाचं कृष्णविवर ताऱ्याच्या मृत्यूतून होत नाही, म्हणून तसा एक पक्का संकेतही आदिम विवराच्या बाजूचा भक्कम पुरावा ठरेल. सूर्याच्या ०.२ पट वस्तुमानाच्या जोडीचा आवाज २० हर्ट्झपासून वर चढायला तासाहून जास्त वेळ घेतो, आणि एवढा लांब, क्षीण संकेत गोंगाटातून वेगळा काढणं हेच अवघड काम आहे. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ होत असलेला या लहरींचा शोधक लायगो-इंडिया सुरू झाला की अशा संकेतांची पडताळणी करायला आणखी एक शोधक मिळेल. लघुग्रहांच्या वस्तुमानाच्या जोड्या मात्र त्यालाही ऐकू येणार नाहीत.