गूगल ट्रेंड्सचे नवे ‘ट्रेंडिंग नाउ’ पान कसे वापरावे

फेसबुक आणि इन्स्टाग्रामवर कोणत्या मजकुराला प्रतिसाद मिळतो आहे, हे पाहण्यासाठी पत्रकार ज्या क्राउडटँगलवर विसंबून होते, ते साधन मेटाने १४ ऑगस्ट २०२४ रोजी बंद केले. त्याच महिन्यात गूगलने आपल्या ट्रेंड्स या मोफत सेवेतील ‘ट्रेंडिंग नाउ’ हे पान नव्याने सादर केले. हे पान क्राउडटँगलची जागा घेऊ शकत नाही, कारण ते पोस्ट किंवा लाइक मोजत नाही, लोक गूगलवर काय शोधतात ते मोजते. तरीही समाजमाध्यमांवर गाजणाऱ्या विषयाची खातरजमा करण्यासाठी लोक बहुधा शोधाकडेच वळतात, त्यामुळे त्याचा उपयोग मोठा आहे.

प्रथम ट्रेंड्सच्या संकेतस्थळावर ‘ट्रेंडिंग नाउ’ उघडून देश निवडावा. त्यानंतर ४ तास, २४ तास, ४८ तास किंवा ७ दिवस यांपैकी कालावधी ठरवावा. यादी साधारणपणे दर १० मिनिटांनी ताजी होते, म्हणून बातमीच्या मागावर असणाऱ्याने ४ तासांचा पर्याय घ्यावा, आणि आठवड्याचा कार्यक्रम किंवा व्हिडिओ ठरवणाऱ्याने ७ दिवसांचा. प्रत्येक विषयासमोर शोधांची अंदाजे संख्या, तो केव्हा वर आला आणि अजून सक्रिय आहे की नाही, हे दिसते. शेजारच्या रकान्यात त्याच विषयाशी जोडलेले इतर शोध एकत्र केलेले असतात. माझ्या मते नव्या रचनेतला सर्वांत उपयुक्त भाग हाच आहे, कारण एखाद्या व्यक्तीचे नाव अचानक का शोधले जात आहे, याचा उलगडा बहुतेक वेळा तिथेच होतो. विषयावर क्लिक केल्यास आलेख आणि संबंधित बातम्याही समोर येतात.

यादीत वर असलेला विषय खरोखर मोठा आहे की क्षणिक, हे मात्र ‘एक्सप्लोर’ या जुन्या विभागात तपासावे लागते, आणि गफलत होते ती येथेच. ‘ट्रेंडिंग नाउ’मधील आकडा शोधांची अंदाजे संख्या सांगतो, तर ‘एक्सप्लोर’मधील ० ते १०० हा आकडा संख्या नसून प्रमाण असते. निवडलेल्या ठिकाणी आणि काळात एकूण शोधांच्या तुलनेत त्या विषयाचा वाटा जेव्हा सर्वाधिक होता, त्या क्षणाला १०० धरले जाते. म्हणून राज्यवार नकाशात गोव्याला महाराष्ट्रापेक्षा मोठा आकडा मिळाला, तरी गोव्यात शोध जास्त झाले असा अर्थ काढू नये. त्या विषयाचा तिथल्या एकूण शोधांतील वाटा जास्त आहे, एवढेच त्यातून सिद्ध होते.

तपासताना कालावधी १२ महिने किंवा ५ वर्षे असा वाढवावा. गणेशोत्सवाच्या सुमारास ‘मोदक’ हा शोध वर चढला, तर तो नवा कल नसून दरवर्षीची भरती आहे, हे लांबच्या आलेखावरून लगेच कळते. मराठी विषयांसाठी आणखी एक काळजी घ्यावी. लोक तोच शब्द कधी देवनागरीत, तर कधी रोमन लिपीत निरनिराळ्या प्रकारे लिहितात. त्यामुळे शब्द टाकताना सुचवणीत ‘टॉपिक’ म्हणून नोंद दिसल्यास ती निवडावी, म्हणजे वेगवेगळ्या भाषांतील शोध एकत्र मोजले जातात. तशी नोंद नसल्यास दोन्ही लिप्यांतील रूपे अधिक चिन्हाने जोडावीत. व्हिडिओ बनवणाऱ्यांनी ‘वेब सर्च’ऐवजी ‘यूट्यूब सर्च’ निवडून तोच आलेख पुन्हा पाहावा, कारण दोन्हींचा कल नेहमी सारखा नसतो.

‘एक्सप्लोर’मध्ये आलेखाखालच्या ‘रायझिंग’ (वेगाने वाढणारे शोध) या यादीत टक्केवारीऐवजी ‘ब्रेकआउट’ लिहिलेले असल्यास त्या शोधात ५००० टक्क्यांहून अधिक वाढ झालेली असते. पूर्वी जवळजवळ कोणीच न शोधलेल्या शब्दालाही ही खूण सहज मिळते. आलेखाच्या शेवटी तुटक रेषा असेल, तर तो डेटा अपूर्ण आहे असे समजून त्यावरून घसरण किंवा वाढ जाहीर करू नये. ‘ट्रेंडिंग नाउ’ची यादी जपून ठेवायची असल्यास तिथल्या ‘एक्स्पोर्ट’मधून सीएसव्ही (तक्त्याच्या रूपातली) फाइल उतरवून घ्यावी आणि तिच्या नावातच देश, कालावधी व उतरवल्याची वेळ लिहावी, कारण थोड्या वेळाने त्याच पानावर वेगळीच यादी दिसेल.