पासपोर्ट क्रमांकातील एक जादा अंक
ऑनलाइन चेक-इन वारंवार नाकारले जाऊ लागले, तेव्हा तिकिटावरील नाव मी तीनदा तपासले. चूक मात्र पासपोर्ट क्रमांकात होती. पासपोर्टच्या माहितीच्या पानावर तळाशी प्रत्येकी ४४ चिन्हांच्या ज्या दोन यंत्रवाचनीय ओळी असतात, त्यांतील दुसऱ्या ओळीवरून मी क्रमांक उतरवला होता आणि पहिल्या नऊ स्थानांनंतर येणारा पडताळणीचा अंकही (जो मूळ क्रमांकाचा भाग नसतो) त्यात ओढला गेला होता. आरक्षणातील प्रवासी-माहितीच्या रकान्यात मी पानाच्या वरच्या भागात छापलेला क्रमांक भरला आणि चेक-इन झाले. तिकीट बदलावे लागले नाही. ई-व्हिसाच्या अर्जात क्रमांक बरोबर होता हे नशीबच, कारण व्हिसा त्या क्रमांकाशीच जोडलेला असल्याने तिथली चूक इतक्या सहज निस्तरली नसती.