परक्या शहरात सायकलवर निघताना

ॲमस्टरडॅममध्ये भाड्याची सायकल घेतली, तर हँडलला ब्रेकच नव्हता. पेडल उलटं दाबलं की ती थांबायची. तेव्हापासून मी आधी मोकळ्या जागेत चार फेऱ्या मारते, मगच रस्त्यावर येते.

सर्वांत जपायचं ते ट्रामच्या रुळांना. ते शक्यतो काटकोनात ओलांडा. तिरके गेलात की पुढचं चाक खाचेत बसतं आणि माणूस थेट आडवा होतो. माझा कोपर तिथेच सोलवटला होता. पावसात तर ओलं लोखंड फारच निसरडं असतं, तेव्हा सरळ उतरून सायकल हाताने न्या.

तिथे वाहतूक उजवीकडून चालते, म्हणून रस्ता ओलांडताना आधी डावीकडे बघा. उभ्या गाड्यांपासून त्यांचं दार पूर्ण उघडेल एवढं अंतर ठेवा. नकाशा बघायचाय? कडेला थांबा. युरोपात आणीबाणीचा क्रमांक ११२.