रिअल टाइम डेटा स्ट्रीमिंग शिकताय? आधी आइस्क्रीमच्या गाडीची गोष्ट ऐका

"ताई, स्ट्रीमिंग शिकायचंय, कुठून सुरू करू?" असं ऑफिसातली नवीन पोरं विचारतात तेव्हा मी टूलचं नावच घेत नाही, आधी विचारते की माहिती आल्यावर उठून धावणार कोण? कारण स्ट्रीमिंग म्हणजे डेटा साठू न देता येईल तसा लगेच हाताळणं.

माझी पहिली नोकरी अंधेरीला होती, डोंबिवलीहून रोज दीड-दोन तास. कंपनीच्या थंड गाड्या रात्री भिवंडीच्या गोडाऊनमधून आइस्क्रीम, चीज घेऊन मुंबईभर फिरायच्या. प्रत्येक गाडीत टेम्परेचर सेन्सर, डेटा सगळा यायचा, पण बॅच जॉब, म्हणजे साठलेल्या डेटाचा एकदम हिशोब करणारा प्रोग्रॅम, चालायचा सकाळी ७ वाजता. रिपोर्ट अगदी करेक्ट, अमुक गाडीचा कॉम्प्रेसर रात्री २ ला बंद पडला वगैरे, फक्त तोवर आइस्क्रीमचं सरबत झालेलं. वरातीमागून घोडं.

मग काफ्का आणलं, म्हणजे डेटा येईल तसा लगेच पुढे पोचवणारं सॉफ्टवेअर. हे लिंक्डइनमध्ये तयार झालं, २०११ मध्ये ओपन सोर्स केलं, आणि बनवणाऱ्या तिघांत पुण्यात शिकलेली नेहा नारखेडे होती हे मला नंतर कळलं, उगाच कॉलर ताठ झाली. काम सोपं आहे, प्रत्येक रीडिंग म्हणजे एक इव्हेंट, तो टॉपिकमध्ये, म्हणजे त्या विषयाच्या नोंदवहीत, शेवटी जोडला जातो आणि ज्याला हवं तो आपापल्या वेगाने वाचतो. वाचलं म्हणून मेसेज पुसला जात नाही, डिफॉल्ट सेटिंगला ७ दिवस राहतो. क्रम मात्र एका पार्टिशनच्या, म्हणजे टॉपिकच्या एका भागाच्या, आतच पाळला जातो, म्हणून आम्ही गाडीचा नंबर 'की' (key) म्हणून दिला, म्हणजे एका गाडीची सगळी रीडिंग एकाच रांगेत.

खरी मजा पुढे. माल उतरवताना दार उघडं असतं, टेम्परेचर वर जातं, आमचा अलर्ट बोंबलतो. म्हणून १० मिनिटांच्या विंडोची, म्हणजे तेवढ्या वेळातल्या रीडिंगची, सरासरी धरायला लागलो. मग कळलं की मॉलच्या बेसमेंटमध्ये नेटवर्कच नसतं, गाडी बाहेर आली की अर्ध्या तासाची रीडिंग एकदम येतात आणि सगळी आत्ताचीच समजली जातात. घटना कधी घडली आणि आपल्याकडे कधी पोचली या दोन वेगळ्या वेळा आहेत, हे डोक्यात बसायला मला महिना लागला. फ्लिंक म्हणजे येणाऱ्या डेटावर चालता चालता हिशोब करणारं सॉफ्टवेअर, त्यात वॉटरमार्क असतं ते यासाठीच, उशिरा येणाऱ्यांची किती वाट बघायची ते ठरवायला.

आणि एका रात्री कन्झ्युमर, म्हणजे मेसेज वाचणारा आमचा प्रोग्रॅम, मेसेज प्रोसेस करून ऑफसेट कमिट करायच्या (कुठवर वाचलं त्याची नोंद करायच्या) आधीच बंद पडला, उठला, तेच मेसेज परत वाचले, परत पडला, आणि रात्री ३ ला एकाच गाडीसाठी सुपरवायझरदादांना सलग चार फोन गेले. ते मला काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. तेव्हापासून प्रत्येक अलर्टला आयडी, आणि तो आयडी आधी गेलाय का हे बघूनच फोन.

बरं, हा फोन तरी कुठे पहिल्यापासून होता, आधीचे दोन आठवडे अलर्ट ईमेलवर जात होते आणि रात्री ईमेल कोण बघतं? माल वाचायला लागला तो फोन सुरू झाल्यावर, काफ्का आणल्यावर नाही. उलट साहेबांना सेल्सचा डॅशबोर्डपण लाइव्ह हवा होता, जो ते सोमवारी सकाळी एकदाच उघडायचे. तो आम्ही गपचूप बॅचवरच ठेवला, कोणाला फरक पडला नाही. यूपीआयचं वेगळं, तिथे फ्रॉड पैसे जायच्या आतच पकडायला हवा, तिथे सेकंदाला किंमत आहे.

शिकायचं म्हणाल तर एसक्यूएल पक्कं करा, जावा किंवा पायथन एक धरा. झूकीपर (काफ्कासोबत आधी लागायचं ते वेगळं सॉफ्टवेअर) लावायला सांगणारे जुने व्हिडिओ सोडून द्या, काफ्का ४.० पासून ते गेलंय. लॅपटॉपला ८ जीबी रॅम असेल तर डॉकरमध्ये (सॉफ्टवेअर वेगळ्या डब्यात चालवायचं टूल) फक्त काफ्का चालवा, फ्लिंक नंतर. खोटी रीडिंग पाठवणारी छोटी स्क्रिप्ट लिहा, कन्झ्युमर मुद्दाम मधेच मारा, परत चालू करा आणि किती मेसेज दुसऱ्यांदा आले ते मोजा.